गोदामात न उतरलेला माल
काल रात्री दहाला नियमाप्रमाणे ध्वनिक्षेपक बंद झाले आणि पुण्यातील संगीत कार्यक्रमाला आम्ही भाड्याने दिलेला साउंड-लाइट संच गोदामात न उतरता थेट साताऱ्याच्या लग्नासाठी टेम्पोत चढू लागला. लग्नसराईत असे करावेच लागते. पण माल गोदामात येतो तेव्हा जी मोजणी आणि तपासणी आपसूक होते, ती अशा वेळी रंगमंचामागच्या अपुऱ्या उजेडात, दमलेल्या माणसांकडून करून घ्यावी लागते. म्हणून पहिल्या कार्यक्रमाचे परतीचे आणि दुसऱ्याचे जावक चलन (म्हणजे मालाच्या याद्या) मी एकदमच समोर ठेवतो आणि खरखरणाऱ्या केबलच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावल्याशिवाय ती पेटीत जाऊ देत नाही. साताऱ्यात सर्वांत आधी ट्रस (दिवे टांगायचा लोखंडी सांगाडा) उभा राहणार होता, म्हणून तो सर्वांत शेवटी चढवला. मिक्सर आत गेला. (हा उलटा क्रम माल चढवणाऱ्या मुलांना दरवेळी पटतोच असे नाही.) खंबाटकी घाट पहाटेपूर्वी ओलांडला आणि सनईही वेळेवर वाजली. मात्र कॉर्डलेस माइकच्या बॅटऱ्या चार्ज करायला मध्ये वेळच मिळाला नव्हता, त्यामुळे नवे सेल विकत घ्यावे लागले. तो खर्च कोणाच्या बिलात धरायचा, हे अजून ठरायचे आहे.