तुम्ही विचारलंत म्हणून : क्रोशाचा ड्रेस मशीनवर का होत नाही?

माझ्याकडे ड्रेस विणून घेण्यासाठी येणाऱ्या बहुतेक जणी किंमत ऐकल्यावर क्षणभर थांबतात आणि मग विचारतात, "ताई, हे मशीनवर नाही का होत?" बऱ्याचदा त्यांनी तसाच दिसणारा ड्रेस कुठल्यातरी दुकानात बाराशे रुपयांना पाहिलेला असतो. प्रश्न रास्त आहे. ज्या काळात साडीपासून स्वेटरपर्यंत सगळे यंत्रावर तयार होते, त्या काळात एका बाईने एका सुईने आख्खा ड्रेस विणत बसावे, हे ऐकणाऱ्याला हट्टाचे वाटू शकते. मात्र याचे कारण माझ्या हट्टात नसून त्या विणीच्या रचनेतच आहे.

दोन सुयांवरचे विणकाम यंत्राने फार पूर्वीच आत्मसात केले. विल्यम ली या इंग्रज गृहस्थाने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले ते 1589 मध्ये, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. ते शक्य झाले, कारण दोन सुयांच्या विणकामात आख्ख्या ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. यंत्रात प्रत्येक टाक्यासाठी एक स्वतंत्र सुई ठेवता येते, आणि त्या सगळ्या सुया मागेपुढे झाल्या की ओळ पूर्ण होते. क्रोशात असे काही नसते. तेथे सुईवर एकच घर, म्हणजे दोऱ्याचा फासा, जिवंत असते आणि बाकीचे सगळे टाके मिटलेले, बंद झालेले असतात. पुढचा टाका घालताना सुईला आधीच्या ओळीतल्या एका नेमक्या छिद्रात शिरावे लागते. ते छिद्र मऊ, लोंबत्या, हातात सतत जागा बदलणाऱ्या विणीत असते. माझी बोटे ते न बघता शोधतात, यंत्राला ते सापडत नाही. शिवाय पुढचा टाका शेजारच्याच छिद्रात जाईल असेही नाही. शिंपल्याच्या विणीत एकाच छिद्रात सात खांब (क्रोशाचे उंच, उभे टाके) जातात, अननसाच्या विणीत जाळी हळूहळू अरुंद होत जाते, आणि काही ठिकाणी सुई दोन ओळी खाली उतरून परत वर येते. अलीकडे जर्मनीतल्या प्रयोगशाळेत साधा सपाट तुकडा विणू शकणारे प्रायोगिक यंत्र तयार झाले आहे आणि मला त्याचे मनापासून कौतुक वाटते, परंतु गळा, मुंढा आणि घेर असलेला ड्रेस ही त्यापुढची फार लांबची गोष्ट आहे.

म्हणून प्रत्यक्ष हिशेब मांडते. समजा छाती 88 सेंटीमीटर, खालचा घेर 150 आणि उंची 100 सेंटीमीटर असा, गुडघ्याखाली येणारा सुती ड्रेस आहे. अडीच मिलिमीटरची सुई आणि मर्सराइज्ड, म्हणजे प्रक्रिया करून चकाकी आणलेला, सुती दोरा घेतला, तर माझ्या हाताने 10 सेंटीमीटरच्या चौकोनात साधारण 22 खांब आणि 11 ओळी बसतात, म्हणजे 242 खांब. आख्ख्या ड्रेसचे क्षेत्रफळ असे साधारण 105 चौकोन भरते. गुणाकार केला की आकडा 25,000 खांबांच्या वर जातो. एका खांबासाठी दोरा सुईवर चारदा घ्यावा लागतो: आधी एक वेढा, मग छिद्रातून ओढलेला दुसरा, आणि घरे दोन-दोन करून सोडवताना आणखी दोन. म्हणजे ड्रेस पूर्ण होईपर्यंत दोरा एक लाखाहून अधिक वेळा सुईला वळसा घालतो. सरावलेला हात मिनिटाला पंधरा खांब घालतो असे धरले, तरी नुसत्या विणण्याचे 28 तास होतात. त्यात नमुना करणे, मोजणे, अस्तर शिवणे, दोऱ्यांची टोके लपवणे आणि धुऊन आकारात वाळवणे मिळवले की चाळीस तास सहज ओलांडले जातात.

नमुन्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण ड्रेस अंगावर नीट बसणे त्यावरच अवलंबून असते. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. त्यामुळे दुसरीचे टाके मोजून आपला ड्रेस होत नाही. मी आधी हाताच्या पंजापेक्षा मोठा तुकडा विणते, तो धुते, वाळवते, आणि मग मोजपट्टी लावते. ड्रेससाठी एवढे करून पुरत नाही. सुती दोऱ्याला लोकरीसारखी लवचीकता नसते, आणि पूर्ण ड्रेसचे वजन अर्ध्या किलोच्या पुढे जाते. ते वजन खांद्यावरून खाली ओढले जाते आणि वीण उभ्या दिशेने ताणली जाऊन आडवी आकसते. म्हणून तो तुकडा चिमट्यांनी दोरीला टांगून, खालच्या कडेला आणखी काही चिमटे लावून रात्रभर ठेवते आणि सकाळी पुन्हा मोजते. जी वाढ दिसते तेवढी उंची मुळातच कमी धरायची. याच कारणाने क्रोशाचा ड्रेस हँगरला कधी लावू नये, घडी करून ठेवावा, हे मी प्रत्येकीला बजावून सांगते.

विणायला सुरुवात मी गळ्यापासून करते. साखळी गोल जोडायची, ठरावीक अंतरावर खांब वाढवत योक, म्हणजे गळ्यापासून छातीपर्यंतचा भाग, खाली आणायचा, मुंढ्यापाशी बाह्यांचे खांब बाजूला सोडून काखेत काही साखळ्या घालायच्या, आणि मग एकसंध गोल फेऱ्यांत कमरेपर्यंत व पुढे घेरापर्यंत जायचे. या पद्धतीत ड्रेस अर्धा असतानाच अंगावर घालून पाहता येतो, आणि बाजूला शिवण येत नाही. ज्या घरांत क्रोशा म्हणजे दाराचे तोरण, टेबलावरचा रुमाल आणि बाळाचे टोपडे एवढाच माहीत आहे, तेथील बायकांना पहिल्या फिटिंगच्या वेळी होणारा आनंद पाहण्यासारखा असतो.

आता त्या बाराशेच्या ड्रेसकडे येते. त्याच्या दोन शक्यता असतात. पहिली, तो क्रोशा नसून क्रोशासारखी दिसणारी यंत्रावरची जाळी असते. कापड उलटे करून पाहा: वरपासून खालपर्यंत बारीक साखळ्यांच्या सरळ उभ्या रेषा आणि त्यांना आडवे जोडणारे नागमोडी दोरे दिसले, तर ते यंत्राचे काम आहे. खऱ्या क्रोशात प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक आडवी साखळी असते आणि पुढच्या ओळीचा खांब तिच्यातूनच वर उगवलेला दिसतो. यंत्रावरची जाळी घेण्यात गैर काही नाही. ती स्वस्त असते आणि छानही दिसते.

दुसरी शक्यता मला अस्वस्थ करते: तो ड्रेस खराच क्रोशाचा असतो. जाड दोरा, मोठी सुई आणि मोकळी जाळी वापरून तास कमी करता येतात, हे खरे आहे. तरीही तो कुणीतरी हातानेच विणलेला असतो, कारण दुसरा मार्ग उपलब्धच नाही. समजा त्यासाठी वीस तास लागले आणि बाराशेपैकी चारशे रुपये विणणारीपर्यंत पोहोचले, तर तिला तासाला वीस रुपये मिळाले. दोरा, वाहतूक आणि दुकानाचा नफा वजा जाता चारशे तरी पोहोचतात का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. या कलेचा इतिहासही असाच आहे. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठांनी बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली, आणि त्या लेसच्या विक्रीवर कित्येक कुटुंबे तगली. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर ही लेस आली आणि तेथील हजारो बायका आजही घरी बसून, नगावर मजुरी घेऊन, परदेशी जाणाऱ्या वस्तू विणतात. तेथील क्रोशाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला आनंद आहे. मात्र मानांकन वस्तूला मिळते. विणणारीच्या तासाचा दर त्याने आपोआप वाढत नाही.

म्हणून मी माझी किंमत तासांवरच ठरवते आणि तासांचा तो हिशेब येणाऱ्या बाईसमोर कागदावर मांडते. आख्खा ड्रेस परवडत नसेल, तर मी नेहमी एक मार्ग सुचवते: गळ्यापासून छातीपर्यंतचा योक तेवढा क्रोशाचा विणायचा, त्याच्या खालच्या कडेला मऊ सुती कापडाचा चुणीदार घेर शिवायचा. आपल्याकडे लहान मुलींचे फ्रॉक असे पूर्वीपासून होत आले आहेत. त्याला आख्ख्या ड्रेसच्या साधारण पाव हिस्सा वेळ लागतो, वजनही कमी भरते, त्यामुळे तो ओघळत नाही. कापड तुम्ही आणलेत तरी चालेल. फक्त ते आधी एकदा भिजवून, वाळवून आणा, म्हणजे पहिल्या धुण्यात ते आटून योकाला चुण्या पडणार नाहीत.