पाऊण तासाचं काम, एकोणीस तास

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी कीर्तनाला रंग चढलेला असतानाच महाराजांचा कॉलर माइक बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतोय तोवर साउंडवाला पोरगा दारात. काउंटरवर दोन सेल आपटले न् म्हणाला, "अण्णा, डुप्लिकेट माल दिलात तुम्ही. सगळ्या गावासमोर इज्जत गेली."

सेल माझ्याच दुकानातले, गेल्या दिवाळीतले. पुन्हा चार्ज होणारे, दोन हजार मिलीॲम्पिअर-तास वीज साठवणारे पेन्सिल सेल. एकाच्या वरच्या टोकाला पांढरी पूड धरली होती. दोन्ही चार्ज केले, रेझिस्टन्स जोडून पूर्ण उतरवले आणि मोजले, तर दोन हजारांच्या जागी जेमतेम अडीचशे निघाले.

"चार्ज कसा करतोस?"

"रात्री अकराला कीर्तन सुटलं की लावतो, संध्याकाळी सहाला हरिपाठाच्या वेळी काढतो. रोज. कधी चुकवलं नाही."

हे त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं, की मला आधी हसू आलं. मग हिशेब मांडला. माइकचा ट्रान्समीटर तासाला साधारण दीडशे खातो. दोन तासांच्या कीर्तनाला तीनशे. चार्जर पाचशे मिलीॲम्पिअरचा. म्हणजे तूट भरायला पाऊण तास पुरे, आणि चार्जर चालू एकोणीस तास. वर रोज!

पोराला ते पटेना. "भरल्यावर आपोआप बंद होत असेल की." मग त्याच जातीचे दोन नवे सेल पूर्ण उतरवून घेतले, त्याच चार्जरला लावले, वर मीटर आणि एकाला थर्मामीटरची वायर चिकटवली. गिऱ्हाइकं सांभाळत दिवसभर आकडे लिहीत बसलो. दुपारपर्यंत व्होल्टेज सावकाश चढत गेलं. साडेतीनच्या सुमारास १.४८ व्होल्टवर थबकलं आणि मग चक्क चार मिलीव्होल्ट खाली आलं. सेल भरल्याची खूण हीच. तिथून पुढची वीज साठत नाही, तिची उष्णता होते. थर्मामीटर ३५ अंशांवरून तासाभरात ५० च्या पुढे गेला. पोरानं सेलला बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं.

लाल दिवा मात्र तसाच लागलेला.

"मग हा दिवा कशाला?"

"चार्जरला वीज मिळतेय, एवढंच सांगायला."

चांगला चार्जर तो चार मिलीव्होल्टचा उतार ओळखून थांबतो, आणि प्रत्येक सेलकडे वेगळं बघतो. ह्यातलं काहीच ह्या डबीत नव्हतं. सेल असा रोज तापला की आतला वायूचा दाब वाढतो, टोकाची झडप उघडते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं. ती पांढरी पूड त्याचीच. ट्रान्समीटरच्या स्प्रिंगलाही लागली होती. लिंबाच्या रसात भिजवलेल्या कानकाडीनं घासून काढली.

आता अवघड भाग. तो चार्जरही मीच विकला होता. "स्वस्तातला द्या" म्हणाला, मी दिला. किती वेळ लावायचा, हे सांगायचं राहिलं. खरं तर कुणालाच सांगत नव्हतो. नवे सेल फुकट दिले, आपोआप थांबणारा चार्जर खरेदीच्या भावात. काल्याच्या कीर्तनाला माइक शेवटपर्यंत वाजला.

लाल दिव्याचे आणखी तीन चार्जर शोकेसला लटकत होते, ते काढून माळ्यावर टाकले. चार दिवसांनी एक बाई आल्या, "इथं ते स्वस्तातले चार्जर असायचे ना हो?"


"संपले," म्हणालो.