चिठ्ठीच्या मागचे दोन आकडे

वडिलांच्या प्रोस्टेट कॅन्सरचे निदान झाले तेव्हा तो हाडांपर्यंत पोहोचलेला होता. डॉक्टरांनी हार्मोनच्या (म्हणजे पुरुषी हार्मोन रोखणाऱ्या) इंजेक्शनासोबत अबिरॅटेरॉनच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. या गोळ्या पूर्वी इंजेक्शनाला दाद मिळेनाशी झाल्यावर देत असत. मग आता आधीच का, असे मी विचारले. त्यांनी चिठ्ठीच्या मागे दोन उतरत्या रेषा काढल्या आणि तिसऱ्या वर्षापाशी ८३ व ७६ हे आकडे लिहिले. शंभरांपैकी इतके रुग्ण तोवर हयात होते, गोळ्यांसह आणि गोळ्यांविना.

हे आकडे ‘स्टॅम्पीड’ या, प्रोस्टेट कॅन्सरचे उपचार रुग्णांवर ताडून पाहणाऱ्या चाचणीतून २०१७ साली हाती आले. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या चाचणीत पुढे स्वित्झर्लंडही आला आणि शंभरहून अधिक रुग्णालये सामील झाली. प्रचलित उपचारांचा एकच गट ठेवून त्याच्याशी अनेक उपचार एकाच वेळी ताडून पाहायचे, ज्यात दम दिसत नाही तो मध्येच थांबवायचा आणि नवा दाखल करायचा, अशी तिची रचना होती. २०११ मध्ये सेलेकॉक्सिब या सूज कमी करणाऱ्या औषधासाठी नवे रुग्ण घेणे थांबले आणि त्याच वर्षी अबिरॅटेरॉन दाखल झाले. त्या तुलनेसाठी १,९१७ रुग्ण दोन वर्षांहून थोड्याच अधिक काळात मिळाले.

२०११ मध्येच मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वेदांग मूर्ती यांच्या चमूने, फक्त प्रोस्टेटला रेडिएशन द्यावे की ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही, हे तपासायला घेतले. एकाच केंद्राला २२४ रुग्ण मिळवण्यास सुमारे सहा वर्षे लागली. पाच वर्षांनंतर पीएसए (हा कॅन्सर परतल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण ग्रंथींसह रेडिएशन घेणाऱ्यांत ९५ टक्के, तर इतरांत ८१ टक्के होते. निष्कर्ष मोलाचा आहे. मात्र एकूण आयुष्यमानात ठळक फरक दिसला नाही, आणि तो असलाच तर उघड होण्यासाठी २२४ ही संख्या फार लहान आहे, असे मला वाटते.

चाचण्यांना पुरेसे रुग्ण वेळेत मिळायला हवेत, म्हणूनच यूरोलॉजिस्ट (मूत्रमार्गाचे तज्ज्ञ) आणि कॅन्सरतज्ज्ञांनी सुरुवातीपासून एकमेकांशी बोलणे मला इतके निकडीचे वाटते. रुग्ण बहुधा आधी यूरोलॉजिस्टकडे जातो. हार्मोनचे इंजेक्शन घेऊन फार दिवस लोटले की अनेक चाचण्यांचे दार बंद होते. वडिलांना पहिले इंजेक्शन दिले गेले, त्या दिवशी चाचणीचा विषय कोणी काढलाच नाही. पुढे कॅन्सरतज्ज्ञांनी फाइल उघडून सर्वप्रथम त्याच इंजेक्शनाची तारीख पाहिली आणि आठवडे मोजले.