खोकं पोटाशी, वळण पायाशी

"झेपेल तेवढंच उचल," असं सांगणाऱ्यानं सहसा कधी गाडी खाली केलेली नसते. गाडी गोदामाच्या दाराशी लागली की समोर येईल ते खोकं उचलावंच लागतं. वजन माझ्या हातात नाही. खोकं अंगापासून किती लांब धरायचं, ते मात्र आहे.

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेनं वजन उचलण्याचं एक सूत्र १९९१ साली सुधारून मांडलं. सगळं मनासारखं असेल, म्हणजे खोकं अंगालगत, फार खाली वाकायला नको, पकड चांगली आणि वळायचं नाही, तर मर्यादा २३ किलो. तेच खोकं घोट्यांपासून अर्धा मीटर पुढे धरलं तर साडेअकरा. पाय जागेवर ठेवून काटकोनात वळलं तर १६ च्या आसपास. आणि दोन्ही एकदम केलं तर जेमतेम आठ! आता पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या सपाट चौकटीच्या, पलीकडच्या कोपऱ्यातलं खोकं डोळ्यांसमोर आणा. हात लांबवायचे, ओढायचं, ओढता ओढताच वळायचं. आठ-दहा किलोंच्या खोक्याला कुणी जड म्हणत नाही, आणि कंबरेत उसण भरते ती बहुतेक वेळा तिथेच.

म्हणून मी पॅलेटला वळसा घालतो. खोकं आधी कडेपर्यंत सरकवायचं, पोटाशी घ्यायचं, मग उचलायचं, आणि वळायचं ते पावलं टाकून. नवी पोरं म्हणतात, "काका, किती वेळ लावता!" लावतो बाबांनो.

‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा’ ही भिंतीवरची पाटी मला अर्धीच पटते. रुंद खोकं दोन गुडघ्यांच्या मध्ये मावतच नाही. खाली बसलं की ते गुडघ्यांच्याही पुढे राहतं, म्हणजे अंगापासून आणखी लांब. तिथे दुसऱ्याला हाक मारायची. लाज कसली?

सकाळपाळीचं गणित वेगळं. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस सेंटीमीटरभर उंचसुद्धा असतो. अशा फुगलेल्या गादीला वाकणं जास्त जाचतं. उभं राहून, चालून-फिरून पहिल्या तासाभरात ती बरीचशी दबते. म्हणून कामाच्या तासभर आधी उठायचं, आणि बूट घालताना पाय वर घ्यायचा, कंबर खाली न्यायची नाही.

उचलताना कंबरेला बांधायच्या पट्ट्याबद्दल फार बोलत नाही. धडधाकट माणसाची दुखापत त्यानं टळते असा पुरेसा पुरावा नाही, असं ‘नायॉश’नंच १९९४ मध्ये म्हटलं होतं. मला भीती वेगळीच वाटते: पट्टा बांधला की पोरं दोन खोकी एकदम उचलतात.

मांड्या भरून आल्या, खांदे अवघडले, तर मी मनावर घेत नाही. साधी उसण भरली तरी अंथरुणाला खिळत नाही; सोसेल तेवढं चालत राहिलं की लवकर सुटते. पण पाय बधिर झाला, पाऊल उचलेनासं झालं, लघवीचा ताबा सुटला, तर मलम चोळत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सध्या मुकादमाच्या मागे लागून जड माल मांडी ते छातीच्या उंचीच्या फळ्यांवर आणवतोय. मधल्या फळ्या झाल्या. सर्वांत खालच्या फळीवर अजून सुटे भाग पडून आहेत. ते हलवायला ट्रॉली रिकामी मिळायला हवी.