घाटवही, पान ९ : वरंधा–आंबेनळी–पसरणी, या वेळी शेपटाला

निघताना बाईकचं ओडोमीटर ३१,४१८, घरी आल्यावर ३१,७२४. म्हणजे ३०६ किमी. पेट्रोल ९.९ लिटर, लिटरला एकतीसच्या आसपास. माझी हिमालयन ४११ घाटात एवढंच देते, तक्रार नाही.

मागच्या पानावर कबूल केलं होतं की आंबेनळीत वळणाच्या ऐन मध्यावर मी अकरा वेळा पुढच्या ब्रेकला हात लावला. या वेळचं लक्ष्य पाचच्या आत. त्यात शनिवारी रात्री साडेनऊला लीडकाकांचा, म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून वाट दाखवणाऱ्या काकांचा, फोन. "उद्या स्वीप तू कर रे. नेहमीचा पठ्ठ्या तापाने फणफणलाय." मी आजवर नेहमी मधे घुसून चालवलेली. पुढे कोण, मागे कोण, चिंता नाही. स्वीप म्हणजे रांगेत सगळ्यात शेवटी राहणारा. शेपटाला मी पहिल्यांदाच.

जमायचं सकाळी पावणेसहाला, पुण्यात नवले पुलाच्या पुढच्या पंपावर. चौदा गाड्या. जानेवारीतला रविवार, त्यामुळे हातमोज्यांच्या आत बोटं आखडलेली. ताम्हिणी का नाही, हा प्रश्न निघालाच. अहो, रविवारचं ताम्हिणी म्हणजे लक्ष्मी रोड झालंय. भोरमार्गे वरंधा उतरायचा, महाडहून पोलादपूर, आंबेनळी चढून महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी उतरून वाई, आणि हायवेने परत. एका दिवसात तीन घाट, एक उतार, एक चढ आणि परत एक उतार. सरावाला याहून चांगला गोल आपल्याकडे नाही, असं माझं ठाम मत आहे. भांडायचं असेल तर माळशेजवाल्यांनी भांडावं.

हायवेला तिरक्या जोडीने (एक पुढे, दुसरा बाजूला थोडा मागे), घाटात एकामागे एक, आपसात ओव्हरटेक नाही. हे नेहमीचंच. नवीन होतं ते फाट्यावर माणूस ठेवणं. फाटा आला की लीडने मागच्याला बोट दाखवायचं, त्याने तिथेच थांबायचं, आणि माझं पिवळं जॅकेट दिसलं की माझ्या पुढ्यात शिरायचं. त्यामुळे कोणी चुकत नाही, आणि "कुठायस?" म्हणून फोनही करावे लागत नाहीत. पण यात एक गंमत आहे. दर फाट्याला लीडच्या मागची गाडी शेपटाकडे येते. कापूरहोळला डोमिनार बाईकवाला थांबला. भोरच्या चौकात नंबर लागला हंटर बाईकवाल्या मुलीचा. तिचा हा पहिला घाट, आणि मुद्दाम तिला लीडच्या जवळ ठेवलेलं. आता ती आली थेट माझ्या पुढे. घाटात ओव्हरटेक नाही, म्हणजे तिथेच राहणार.

भोरच्या अलीकडे, नेकलेस पॉइंटला नीरेवर धुकं साचलेलं. नदीचा तो हारासारखा वळसा दिसलाच नाही. फोटोवाले हिरमुसले, पाच मिनिटं वाचली.

नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने जो रस्ता जातो, तिथे मला स्वीपचं पहिलं दुखणं कळलं. रांग रबरासारखी ताणते. पुढचा वळणातून बाहेर पडून ताशी साठने सुटलेला असतो तेव्हा शेवटचा अजून वळणात तीसवर असतो. मग सरळ पट्टा आला की मागच्याला वाटतं, पकडलं पाहिजे. म्हणजे चौदा जणांत सगळ्यात जोरात कोण पळतं, तर सगळ्यात शेवटचा. हंटर तेच करत होती. सरळ पट्ट्यावर मूठ पिळायची, वळण दिसलं की घाबरून ब्रेक दाबायची, मग मधोमध परत एक ब्रेक. मागचा लाल दिवा फुलबाजीसारखा. ते पाहताना मला हसू आलं नाही, कारण तो दिवा माझाच होता, फक्त आजवर मला तो मागून दिसला नव्हता.

हिर्डोशीच्या पुढे एका रुंद जागी तिने स्वतःच गाडी बाजूला घेतली.

"दादा, मी सगळ्यांना थांबवतेय ना?"

"अगं, मला थांबायलाच बसवलंय. ते काही तुला सोडून महाडला जात नाहीत. तू फक्त सरळ रस्त्यावर त्यांच्यामागे पळणं सोड."

मग तिथेच धुळीत काडीने हिशेब मांडला. इंजिनिअरिंगला शिकलेलं कुठेतरी कामी यावं. वीस मीटर त्रिज्येचं वळण धरा, घाटातल्या हेअरपिनला (उलट फिरवणाऱ्या तीव्र वळणाला) हे फार झालं नाही. ताशी ४० ने गेलात तर गाडी साधारण ३२ अंश झुकवावी लागते. ताशी ३० ने गेलात तर २० अंशाच्या आतच काम होतं. वेगाच्या वर्गाचा सगळा खेळ. दहाचा फरक कागदावर किरकोळ, पण ३२ अंश झुकलेल्या गाडीखाली मूठभर खडी आली तर टायरकडे द्यायला काही शिल्लक नसतं. तेव्हा आधी सरळ असतानाच दुसरा गिअर, वेग उतरवून घ्यायचा, मग थ्रॉटल (वेगाची मूठ) अगदी थोडा उघडा ठेवून शेवटपर्यंत जायचं. आणि बघायचं जिथे जायचं तिकडे. दरीच्या कठड्याकडे बघाल तर गाडी कठड्याकडेच जाणार.

हे सगळं मी तिला सांगितलं आणि पुढच्याच डाव्या वळणात स्वतः ब्रेक लावला. नोंद क्रमांक एक.

खिंड लागली की वाघजाईचं देऊळ आणि चहा-भज्यांच्या टपऱ्या. हा रस्ता कावळ्या किल्ल्याचे दोन तुकडे करून काढलेला आहे, दोन्ही बाजूंना वर बघितलं की लक्षात येतं. बाकीचे बारा जण भजी संपवून बसलेले. "आली का वरात?" असं स्वागत झालं. बारा मिनिटं मागे होतो. आधी मला वाटलं, फार झाली. लीडकाका म्हणाले, "पंधरापर्यंत मी घड्याळ बघत नाही." बरं वाटलं.

वरंध्याचा उतार माझेरीकडे. इथे मी रांगेतल्या सगळ्यांना वरून, एकाखाली एक वळणांवर उतरताना पाहिलं. आजच्या पानातली सगळ्यात महत्त्वाची नोंद इथली आहे. उजव्या वळणात जवळजवळ प्रत्येकाचं चाक आपल्या बाजूला होतं, पण डोकं नव्हतं. गाडी आत झुकली की हेल्मेट थेट रस्त्याच्या मधल्या रेषेवर, काहींचं पलीकडे. टायर बघून आपल्याला वाटतं आपण आपल्या लेनमध्ये आहोत. समोरून येणाऱ्या एसटीला टायरशी देणंघेणं नाही. आणि एसटी आलीच. महाडकडून वर चढणारी लाल गाडी, हेअरपिनला अख्खा रस्ता तिचा, नाहीतर ती वळणारच नाही. अरुंद घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची हा नियमच आहे. आमचे पहिले आठ जण आधीच डोंगराला चिकटून थांबलेले, नववा मात्र वळणाच्या आतल्या बाजूने घुसला होता. ड्रायव्हरने ब्रेक मारून, खिडकीतून मान बाहेर काढून फक्त "हं" केलं. शिवीपेक्षा वाईट. नववा महाडपर्यंत कोणाशी बोलला नाही.

यानंतर उजव्या वळणांना मी गाडी मधल्या रेषेपासून चांगली हातभर डावीकडे ठेवली. कडेला खडी असते म्हणून फार कडेलाही नाही. थोडं हळू जावं लागतं. जातो.

महाड ते पोलादपूर हायवे. इथे लिहिण्यासारखं काही नसतं, पण आज होतं. क्लासिक बाईकवाले काका माझ्या पुढे दोन गाड्या सोडून. त्यांच्या गाडीचं मागचं चाक पोहत होतं. त्यांना वाटलं रस्त्यालाच रेघांच्या खाचा आहेत. मला मागून टायर रस्त्यावर पसरलेला स्पष्ट दिसला. हॉर्न, दिवे, हात, शेवटी बाजूला जाऊन ओरडलो. स्वीप असल्याचा हा एक फायदा, सगळ्यांची मागची चाकं तुमच्या ताब्यात असतात.

तारांचं चाक, म्हणजे ट्यूब. आपल्या किटमधली ट्यूबलेस टायरच्या पंक्चरची पट्टी इथे शून्य कामाची. हळूहळू ढकलत-चालवत पंक्चरवाल्यापर्यंत नेली. त्याने चाक काढलं, लोखंडी टॉमीने टायरची एक कड सोडवली, ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडे आले. आम्ही म्हटलं, लावा ठिगळ. तो ऐकेना. "आत काय हाय ते आधी बघू द्या." टायरच्या आतून दोनदा बोटं फिरवली, काही लागलं नाही. मग खिशातलं जुनं फडकं काढलं आणि ते आतून गोल फिरवलं. एका ठिकाणी फडकं अडकलं. केसाएवढी तार, फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली असावी. बोटाला लागली नसती, पण ठिगळ लावून निघालो असतो तर आंबेनळीच्या मध्यावर परत बसली असती. पक्कडीने तार ओढून त्याने काकांच्या तळहातावर ठेवली. काकांनी ती पाकिटात ठेवली आहे. माझ्या टूलकिटमध्ये आज फडकं वाढलं.

या सगळ्यात पन्नास मिनिटं गेली, म्हणून प्रतापगडाचा फाटा सोडला.

आंबेनळी. २०१८ च्या जुलैत इथे बस दरीत कोसळली होती, ते आठवल्याशिवाय हा घाट चढता येत नाही, निदान मला. त्यामुळे असेल किंवा पोटात भूक होती म्हणून असेल, सगळे शिस्तीत चढले. चढाला एक बरं असतं, थ्रॉटल मिटला की गाडी आपोआप हळू होते, ब्रेकची गरज कमी. हंटरचा लाल दिवा आता वळणाच्या आधी लागत होता, मधे नाही. वाडा कुंभरोशीच्या पुढे तर सलग सहा वळणं मधे लागलाच नाही. मी मोजत होतो, आणि तिचं मोजता मोजता माझे दोन ब्रेक लागले. नोंद दोन आणि तीन. दोष कोणाचा ते उघड आहे.

जेवण अडीचला, पिठलं-भाकरी आणि ठेचा. महाबळेश्वरात थांबलो नाही. डिकीत दोन किलो स्ट्रॉबेरी घेणारे होते, त्यांचा वाईत जॅम झाला.

पसरणी उतरताना समोर धोमचं पाणी आणि कृष्णेचं खोरं, पण बघायला सवड नाही. रविवारची परतणारी गर्दी, वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या भाड्याच्या गाड्या. नोंद चौथी इथली, आणि तिची मला लाज नाही. खाली वाईच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. अंधारात या भागात यायचं नाही, एवढं मी केव्हाच ठरवलंय. सुरूरहून हायवे, खंबाटकीचा बोगदा, आणि बोगद्यानंतरच्या वळणात सगळ्यांनी आपणहून वेग कमी केला.

तर ब्रेक चार. अकरावरून चार. त्यात खरं सांगायचं तर अर्धं श्रेय हंटरच्या वेगाला.

गाडीचं: साखळी सैल झालीय, तिसऱ्या गिअरमधे थ्रॉटलची उघडझाप केली की खट् वाजतं. या आठवड्यात ताणून घेतो. पुढचा टायर डावीकडे जास्त झिजलाय, हे कोणाला होतं का, सांगा.

स्वीपचं काम पोचल्याचे तेरा मेसेज येईपर्यंत संपत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पावणेसातला घरी आलो, साडेसातपर्यंत बारा आले. हंटरचा सगळ्यात आधी, सोबत पिवळ्या जॅकेटचा आरशातला फोटो. तेरावा येईना. क्लासिकवाले काका. फोन केला, उचलेनात. आठला परत, साडेआठला परत. डोक्यात ती तार, आणि ती एकटीच होती का हा प्रश्न. बायको म्हणाली, जेव तरी. जेवलो, पण फोन ताटाशेजारी ठेवून.

नऊ पन्नासला मेसेज आला. "साडेसहालाच पोचलो रे. सोफ्यावर टेकलो आणि डोळा लागला. बूट अजून पायात आहेत."