आमच्या गल्लीत अँब्युलन्स का येत नाही

मागच्या पावसाळ्यात आप्पांना रात्री दीड वाजता छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन केला, गाडी लगेच आली, ड्रायव्हर बिचारा रिव्हर्स घेऊन घेऊन प्रयत्न करत होता, पण गाडी काही दारापर्यंत आली नाही कारण आमची गल्ली आहे दहा फुटांची, त्यात एका बाजूला लाइटचा खांब आणि दुसऱ्या बाजूला जिन्याच्या पायऱ्या बाहेर आलेल्या. शेवटी मी, भाऊ आणि समोरची दोन पोरं, आम्ही आप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोनशे फूट उचलून नेलं, चिखलातून. आप्पा आता बरे आहेत, सकाळी फिरायलाही जातात. पण ते दोनशे फूट माझ्या डोक्यातून जात नाहीत आणि तेव्हापासून मी झोन, ले-आऊट, डीपी (म्हणजे गावाचा विकास आराखडा) असलं सगळं वाचत सुटलोय, जो भेटेल त्याला विचारतोय.

आधी आमची गल्ली अशी का आहे ते सांगतो. आप्पांनी १९९७ ला तीन गुंठे घेतले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा तेवढंच परवडत होतं. शेताच्या मालकानं दोरी धरली, चुन्यानं रेघा मारल्या आणि प्लॉट पाडले. आता त्याचं गणित साधं होतं, रस्त्याला जेवढी कमी जागा तेवढे विकायला गुंठे जास्त. पलीकडच्या शेतवाल्यानं दोन वर्षांनी त्याच्या मनानं प्लॉट पाडले, त्याची गल्ली आमच्या गल्लीच्या समोर येतच नाही, आठ-दहा फूट सरकलेली, मध्ये भिंत. अशा सात-आठ शेतांची मिळून आमची कॉलनी झालीय आणि सगळ्या गल्ल्या आंधळ्या, आत गेलात की वळून परतच यायचं. मी त्या मालकाला दोष देत नाही, त्यालाही मुलीचं लग्न होतं. पण दहा जणांनी आपापल्या शेतापुरता विचार केला की गाव असं होतं.

हेच जर रीतसर बिनशेती करून, ले-आऊट मंजूर करून झालं असतं तर आतले रस्ते साधारण ९ मीटरचे, म्हणजे तीस फुटांच्या आसपास सोडावे लागले असते, आणि जमीन एकरभर असली तर १० टक्के ओपन स्पेस. २००१ ला गुंठेवारी कायदा आला, १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट पैसे भरून नियमित करता यायला लागले, पुढे २०२१ ला ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. आमचंही घर त्यात नियमित झालं, बँक आता कर्ज देते, त्याचं समाधान आहेच, नाही कसं म्हणू. पण दाखल्यावर शिक्का बसला म्हणून दहा फुटाची गल्ली बारा फुटाची होत नाही ना.

आता दुसरं गाव. माझी मावशी जयसिंगपूरला असते. लहानपणापासून सुट्टीत जातोय, पण तिथे मी हरवलोय असं कधी झालं नाही, कारण गल्ल्यांना नंबर आहेत आणि त्या सरळ आहेत. कितव्या गल्लीत एवढं विचारायचं, की रिक्षावाला निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वेलाइनवर हे गाव वसवलं, कागलच्या त्यांच्या जन्मदात्या वडिलांचं, जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. रस्ते आधी आखले, एकमेकांना काटकोनात छेदणारे, आणि मग माणसं आली, दुकानं आली, पेठ भरली. शंभर वर्षांपूर्वी तिथे एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधायचं याचं माप, असलं काही नव्हतं. मावशीच्या गल्लीतली कौलारू घरं माझ्या डोळ्यांसमोर पडली, तिथे दुमजली आरसीसी झाली, खाली दुकानं आली, दुकानांची पाटी तीनदा बदलली, पण गल्ली जिथे होती तिथेच आहे आणि तिच्यातून आज मालट्रक जातो. घर माणूस तीस-चाळीस वर्षांनी पाडतो आणि परत बांधतो, हौसेनं बांधतो. गल्ली मात्र कुणी पाडून परत बांधत नाही. म्हणून मला वाटतं की छोट्या गावासाठी सगळ्यात मोठा नियम हाच, की पुढच्या पन्नास वर्षांच्या गल्ल्या आज नकाशावर ओढा, शेतात ऊस उभा असतानाच ओढा. किती मजले, कुठला रंग, कसली बाल्कनी, ते नंतर बघू.

तर आमच्या गावाचा विकास आराखडा गेल्या वर्षी सुधारायला निघाला. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे वीस वर्षांत एकदा सुधारायचा असतो, प्रारूप आराखडा जाहीर झाला की कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांना ३० दिवस. जाहिरात पेपरात कोपऱ्यात आली होती, मला कळलं तेव्हा त्यातले अकरा दिवस संपले होते. नकाशा भिंतीवर लावलेला, समोर दहा-बारा माणसं, आणि सगळे फक्त स्वतःचा गट नंबर शोधत होते. पिवळ्यात आला की हसत बाहेर, हिरव्यात राहिला की कपाळाला हात, कारण पिवळा म्हणजे राहण्याचा झोन आणि हिरवा म्हणजे शेती, एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे भावात जमीन-अस्मानाचा फरक. मीही आधी आमचंच घर शोधलं. मग एका रिटायर्ड ओव्हरसियर काकांनी मला बाजूला घेतलं, म्हणाले, "अरे, रंग काय बघतोस, रस्ते बघ. डीपी रोड कुठून कुठे जातो ते बघ, रंग बदलून आणणारे लय आहेत." त्यांच्याकडून मी नकाशा वाचायला शिकलो, दोन संध्याकाळी, त्यांच्या ओट्यावर बसून.

नकाशात काय दिसलं तर मोठे डीपी रोड आहेत, १२ मीटर, १५ मीटर, १८ मीटर, पण दोन डीपी रोडच्या मधला पट्टा मोकळा, पिवळा रंग मारून सोडून दिलेला. म्हणजे त्या पट्ट्यात आमच्यासारख्या कॉलन्या परत होणार, प्रत्येक शेताची गल्ली वेगळी, तोंडाला तोंड नाही. आणि जिथे मैदान, बाग, शाळा दाखवलीय तिथे आरक्षण पडलं, म्हणजे जागा गावासाठी राखून ठेवली, म्हणून शेतकरी हादरलेला. आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या दीड एकर द्राक्षबागेवर मैदान पडलंय. ते मला म्हणाले, गावाला मैदान पाहिजे हे मला पटतंय रे, पण सगळ्या गावाचं मैदान माझ्या एकट्याच्या रानात का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत नगरपरिषदेनं जागा घेतली नाही तर मालकाला कलम १२७ ची नोटीस देता येते, त्यानंतर २४ महिन्यांत काही हाललं नाही तर आरक्षण जातं. छोट्या नगरपरिषदेकडे पैसे असतात कुठे. म्हणजे बारा वर्षं माणूस टांगलेला आणि शेवटी मैदानही नाही.

याला एक रस्ता आहे आणि तो आपल्याच कायद्यात आहे, नगर रचना योजना, टीपी स्कीम म्हणतात ती. मुंबई इलाख्यात याचा कायदा १९१५ ला झाला होता. बांद्रा, खार, सांताक्रूझ, पार्ले इकडचे सरळ रस्ते आणि चौकोनी प्लॉट त्यातूनच आलेत, अजून पत्त्यात टीपीएस लिहितात बघा. करायचं काय, तर वीस-तीस शेतं एकत्र धरायची, प्रत्येकाकडून थोडी थोडी जमीन कापून घ्यायची, त्यातून रस्ते, मैदान, शाळा काढायची आणि उरलेली जमीन ज्याची त्याला चांगल्या आकाराच्या प्लॉटमध्ये परत द्यायची, रस्त्याला लागून. वाकडातिकडा तुकडा जाऊन चौकोनी येतो, क्षेत्र कमी होतं पण किंमत वाढते, आणि मैदानाचा भार एकट्या द्राक्षबागेवर पडत नाही. गुजरातनं हे सातत्यानं केलंय, आपल्याकडे मधल्या काळात मागे पडलं. मेहनत आहे त्यात, प्रत्येक सातबारा बघावा लागतो, भांडणं मिटवावी लागतात, पण छोट्या गावात खरं तर हे सोपं पडायला हवं, सगळे एकमेकांना ओळखतात. ही माझी पहिली सूचना होती, दोन पानं लिहून दिली, त्यावर त्रेचाळीस सह्या.

दुसरी सूचना ओढ्याबद्दल. नकाशात ओढा बारीक निळ्या रेघेचा, प्रत्यक्षात दोन ठिकाणी त्यावर स्लॅब टाकून दुकानं. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय, परत २०२१ ला पाहिलं. निळी पूररेषा २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची, निळीच्या आत नवीन बांधकाम नको हे आता शाळकरी पोरालाही माहीत झालंय. पण या रेषा नद्यांच्या असतात, ओढ्याला कोण विचारतं. ओढ्याच्या दोन्ही काठांना पायवाट आणि झाडं एवढीच पट्टी मोकळी ठेवा, एवढं लिहिलं.

तिसरी सूचना पेठेबद्दल आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते, जरी तिच्यावर सह्या फक्त नऊच मिळाल्या. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली आहे, युडीसीपीआर. त्याचा फायदा झाला, आधी प्रत्येक गावाचा नियम वेगळा आणि अर्थ लावणारा त्याहून वेगळा. पण पुण्याच्या उपनगराला जी बिल्डिंग शोभते ती आमच्या पेठेत आली की काय होतं, तर वाडा पडतो, त्याचा ओटा जातो, देवडी जाते, खाली पार्किंगचे खांब, पुढे लोखंडी गेट. जिथे संध्याकाळी चार म्हातारी माणसं बसायची, पाच दुकानांचा उजेड असायचा, तिथे सातनंतर अंधार. आणि प्रत्येक घर ज्या त्या वर्षीच्या नियमानं बांधलं जातं, म्हणून एक मागे सरकलेलं, शेजारचं जुनं पुढेच, तिसरं परत मागे. मागे सरकलेल्या तुकड्याचा रस्ता होत नाही, तिथे जनरेटर येतो नाहीतर बुलेट लागते. मी एवढंच मागितलंय की पेठेच्या मुख्य रस्त्याला एक सलग इमारत-रेषा ठरवा, म्हणजे सगळ्या घरांचं तोंड एका ओळीत येईल, तळमजल्यावर रस्त्याच्या तोंडाला दुकान किंवा ओटा असलाच पाहिजे, गाड्या मागच्या बोळातून आत घ्या. कलम ३७ प्रमाणे नगरपरिषद फेरबदल सुचवू शकते, सरकारला पाठवू शकते, त्यामुळे आमच्या हातात काही नाही हे उत्तर मी तरी मान्य करणार नाही.

सुनावणी झाली, समितीनं सगळं ऐकून घेतलं, टीपी स्कीमबद्दल एका सदस्यांनी स्वतःहून दोन प्रश्न विचारले. अजून अंतिम आराखडा यायचाय.

तोवर गल्लीत आम्ही मीटिंग घेतली. तेरा घरं आहेत. दोन्ही बाजूंनी कंपाउंडची भिंत दीड-दीड फूट मागे घेतली तर तेरा फूट होतात, अँब्युलन्स येते, ते मी टेप लावून दाखवलं. दहा घरं तयार झाली, दोन विचार करतायत, एक घरमालक परगावी असतो, त्याच्याशी फोनवर बोलणं चालू आहे. लाइटचा खांब हलवायला अर्ज दिलाय. आमची भिंत मागच्या रविवारी पाडली, आप्पा खुर्ची टाकून बघत बसले होते. फक्त कोपऱ्यावरच्या काकूंचा शेवगा बरोबर रेषेत येतोय, वीस वर्षांचा आहे आणि अख्ख्या गल्लीला शेंगा देतो, त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.