इक्वल टू झिरो

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत ओव्हनचे टेम्परेचर कंट्रोलर बनायचे. त्यांचं फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आत चालणारा प्रोग्राम, माझ्या गळ्यात आलं. सी भाषेतला जुना कोड, आठ-दहा जणांचे हात लागलेला. डीबग बिल्ड -ओ० वर, म्हणजे ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड सुधारून वेगवान करणं) बंद; तिथे सगळं शांत. रिलीजला -ओ२ लावून ते चालू केलं की जीसीसी कंपायलर ४१ ठिकाणी 'मे बी यूज्ड अनइनिशियलाइज्ड' (किंमत न भरताच व्हेरिएबल वापरलं जात असेल) म्हणून ओरडायचा. हा 'मे बी'वाला तपास ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच नीट होतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

"वॉर्निंगच आहेत रे, एरर थोड्याच आहेत," सर म्हणाले. मला मात्र भारी हौस. एका संध्याकाळी बसून प्रत्येक डिक्लेरेशनपुढे '= ०' ठोकत सुटलो. ४१ चे शून्य झाले. खुशीत घरी जाताना नाशिक फाट्यावर दोन वडापाव हाणले.

पुढच्या आठवड्यात टेस्टिंगवाल्या ताईंनी सेन्सरची वायर उपटली. स्क्रीनवर एरर यायला हवा होता आणि हीटर बंद पडायला हवा होता. स्क्रीन म्हणाला ० अंश, आणि हीटर फुल्ल चालू!

फंक्शन उघडलं. वर माझं ताजं 'इंट टेम्प = ०', खाली सेन्सरच्या प्रकारानुसार वेगळी वाट धरणारा स्विच. रीडिंग फेल झालं की टेम्पला हात न लावता सरळ ब्रेक मारून स्विचबाहेर, आणि शेवटी रिटर्न टेम्प. जीसीसी विचारत होता, 'इथे काय पाठवू?' मी त्याला शून्य सांगून गप्प केलं. शून्य अंश हे खरंखुरं तापमान असतं, ओव्हन बिचारा तापवायलाच लागणार. आणि गंमत बघा, लॅपटॉपवर वॅलग्राइंड (किंमत न भरलेली मेमरी वापरली तर पकडणारा टूल) लावला तर तोही गप्प. व्हेरिएबलमध्ये किंमत भरलेली आहे म्हटल्यावर तो तरी कशाला बोलेल?

गिटमध्ये तो '= ०'वाला कमिट रिव्हर्ट केला, म्हणजे बदल मागे घेतला, आणि एकेक वॉर्निंग वाचायला बसलो. चार दिवस गेले. बऱ्याचशा खोट्याच निघाल्या: ग्लोबल फ्लॅग बघून किंमत भरायची, मध्ये एखादा फंक्शन कॉल, मग तोच फ्लॅग बघून वापरायची. कॉलमध्ये फ्लॅग बदलत नाही हे आपल्याला माहीत, कंपायलरला कुठून कळणार? तिथे फ्लॅगची लोकल कॉपी घेतली. एनमवरच्या (नावं दिलेल्या आकड्यांच्या यादीवरच्या) स्विचमध्ये सगळे केस लिहूनही तो ऐकेना, कारण सीमध्ये एनममध्ये यादीबाहेरचा आकडाही बसू शकतो. तिथे डिफॉल्टमध्ये एरर कोड परत केला.

खऱ्या चुका तीनच निघाल्या, पण तिन्ही सेन्सर फेल होण्याच्याच वाटेवर.

दोन वॉर्निंग अजून तशाच आहेत. त्या फंक्शनमध्ये पाच गोटू (कोडमध्ये थेट दुसरीकडे उडी मारायची सूचना) आहेत, आणि ते कुणी लिहिले हे ऑफिसात कुणीच कबूल करत नाही.